जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि अल्पसंख्याक समाज : पुण्यात संशोधन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जून-जुलैत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि पीएचडीच्या मुलामुलींचे विषय ठरायला लागले की माझा फोन वाजायला लागतो. ‘ताई, कौटुंबिक हिंसेवर करायचंय, आणि अल्पसंख्याक समाजात करायचंय. कुठून सुरुवात करू?’ पूर्वेकडच्या पेठा, कॅम्प, कोंढवा आणि येरवड्याच्या वस्त्यांत मी बरीच वर्षं अशा मुलाखती घेतल्या, घेणाऱ्यांना शिकवलं आणि चुकाही केल्या. तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. ज्या बायकांच्या गोष्टी इथे आल्या आहेत त्यांचे तपशील बदलले आहेत.

जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि कौटुंबिक हिंसा एकच का?

एकच नाही, पण आपल्याकडे एकीतून दुसरी वेगळी काढणं अवघड जातं. जोडीदार म्हणजे आताचा किंवा आधीचा नवरा, लग्नाशिवाय सोबत राहणारा पुरुष, प्रियकर. त्याने केलेली मारहाण, लैंगिक जबरदस्ती, मानसिक छळ आणि ताब्यात ठेवणारं वागणं एवढं या संज्ञेत बसतं. बाहेरच्या देशांत तयार झालेल्या प्रश्नावल्या या एका पुरुषापाशी थांबतात. आपल्या घरात हात नवऱ्याचा असतो, पण ‘हिला एकदा सरळ कर’ म्हणणारा आवाज पलंगावर बसलेल्या सासूचा किंवा दिराचा असू शकतो. म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही फक्त नवऱ्यापुरता ठेवलेला नाही.

आपल्या घरांना लागू पडेल अशी एक मोजपट्टी पुण्यातल्याच विवाहित स्त्रियांशी बोलून तयार झाली आहे. ‘इंडियन फॅमिली व्हायलन्स अँड कंट्रोल स्केल’ या नावाने ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. नवरा आणि सासरचे, दोघांचंही वागणं ती विचारात घेते. परदेशी स्केल भाषांतरित करून घ्यायच्या आधी ती एकदा वाचा.

अल्पसंख्याक म्हणजे मुस्लिमच ना?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वाईट वाटतं. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन आहेत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंनाही अल्पसंख्याक दर्जा दिला. पुण्यात हे सगळे समाज आहेत. शिवाय यादीत नसलेले, पण संख्येने थोडे आणि पाठबळाने त्याहून थोडे असे गट आहेत : भटके-विमुक्त, ईशान्येकडून नोकरीसाठी आलेल्या मुली, एकमेकींबरोबर संसार करणाऱ्या बायका.

एक विनंती. ‘अल्पसंख्याक स्त्रिया’ अशी एकच मोट बांधू नका. कोंढव्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारी बोहरा बाई आणि कासेवाडीत भाड्याच्या खोलीत राहून भंगार वेचणारी मुस्लिम बाई यांचा धर्म कागदावर एक आहे, अडचणी एक नाहीत. एक गट घ्या, एक भाग घ्या, आणि तिथे नीट वेळ द्या.

‘या समाजात हिंसा जास्त का?’ असा माझा विषय आहे. बरोबर आहे ना?

नाही. बदला.

यात उत्तर आधीच गृहीत धरलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्राचा आकडा साधारण २५ टक्के आहे, म्हणजे चारात एक. हा आकडा अख्ख्या राज्याचा, सगळ्या धर्मांचा, सगळ्या जातींचा. सदाशिव पेठेतल्या वाड्याचा आणि लोहियानगरच्या खोलीचाही. नवऱ्याची दारू, नवऱ्याने लहानपणी आपल्या घरी पाहिलेली मारहाण, बाईचं शिक्षण, घरातली ओढाताण या गोष्टी मोजमापात पुन्हा पुन्हा वर येतात. ही यादी कुठल्याही एका धर्माची नाही.

मग अल्पसंख्याक समाजाचा वेगळा अभ्यास कशाला? कारण मार बसल्यानंतर बाई उठून ज्या दारांकडे जाते, ती दारं वेगळी असतात. माहेर, शेजार, मशिदीची जमात किंवा चर्च, डॉक्टर, पोलिस चौकी, वकील, कोर्ट. यातल्या कुठल्या दारापर्यंत ती पोचली, कुठल्या दारातून परत फिरली आणि तिथे तिला कोण काय बोललं, हे विचारा. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कमी विचारला गेलेला आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. त्याच पाहणीत दिसलं की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

भवानी पेठेतली एक बाई मला म्हणाली होती, ‘चौकीत गेले तर ते माझ्या नवऱ्याला मारतील, आणि मारताना माझ्या जातीला शिव्या देतील. मग मी कुणाच्या बाजूने उभी राहू?’ हा पेच बहुसंख्य समाजातल्या बाईपुढे नसतो. दलित-बौद्ध बाईचा पेच आणखी निराळा आहे. नवराही अनुसूचित जातीचाच असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा तिच्या कामाचा नाही, आणि वस्तीतल्या चळवळीतल्याच कार्यकर्त्याविरुद्ध बोलायचं म्हटलं तर ‘समाजाची बदनामी करतेस’ हे तिला ऐकावं लागतं.

आणि आतून बोलणारी माणसं नव्हती, नाहीत, असं समजू नका. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. २२ मार्च १९७० ला इथे पुण्यातच मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. तोंडी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला तो २०१७ साली. मधल्या पन्नास वर्षांत या शहरात ज्या बायका बोलत राहिल्या त्यांना भेटल्याशिवाय ‘हा समाज गप्प आहे’ असं लिहू नका.

पुणे शहराची आकडेवारी कुठे मिळेल?

जशी हवी आहे तशी मिळणार नाही. राष्ट्रीय पाहणीतला हिंसेचा भाग थोड्याच निवडक घरांत विचारला जातो आणि त्यातून राज्यापर्यंतचेच आकडे काढता येतात. जिल्ह्याच्या पत्रकात तो शोधत बसू नका. पोलिसांकडची नोंद म्हणजे तक्रारींची संख्या. एखाद्या चौकीत तक्रारी वाढल्या तर तिथे हिंसा वाढली असेल, किंवा तिथली महिला अधिकारी नीट ऐकून घेत असेल. दुसरं कारण मी जास्त वेळा पाहिलं आहे.

२००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडचे कौटुंबिक घटना अहवाल, समुपदेशन केंद्रांच्या नोंदी, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातले अर्ज यांतून बरंच कळतं. त्यासाठी रीतसर परवानगी घ्या आणि नावं झाकलेल्या नोंदीच मागा. ओळखीने फाइल बघायला मिळाली तरी बघू नका.

प्रश्न नेमके कोणत्या शब्दांत विचारायचे?

‘हिंसा’ हा शब्द पिशवीतच ठेवा. तो आपला, कार्यशाळेतला शब्द आहे. बायका म्हणतात : त्रास आहे, जाच आहे, हात उचलतो, अंगावर येतो, रागीट आहे, ‘थोडंफार चालतंच’. दखनी (इकडची उर्दू बोली) बोलणाऱ्या घरांत ‘तकलीफ’, ‘मारपीट’, ‘दिमाग गरम है उनका’. कॅम्पातल्या काही ख्रिश्चन घरांत इंग्रजीत ‘टेम्पर’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात तुटलेला दातही बसतो.

‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असं विचारलंत तर दहातल्या नऊ जणी नाही म्हणतील आणि ते खोटं नसेल. त्यांच्या लेखी अत्याचार म्हणजे पेपरात येतं ते. म्हणून कृती विचारायची. थोबाडीत मारली का, ढकललं का, हात पिरगाळला का, केस ओढले का, लाथ मारली का, काही फेकून मारलं का, गळा दाबला का, चटका दिला का. एकेक कृती, शांतपणे. आधी आयुष्यात कधीही, मग गेल्या १२ महिन्यांत. राष्ट्रीय पाहणीतही असंच विचारतात.

एका बाईने या सगळ्या प्रश्नांना नकार दिला होता. तीन प्रश्न पुढे गेल्यावर मी सहज विचारलं की केस इतके बारीक का ठेवलेत, उन्हाळा म्हणून का? ती म्हणाली, ‘कापून टाकले. आता धरायला काही राहिलं नाही.’ मी परत मागच्या पानावर गेले नाही. ती थांबली होती आणि मी गप्प बसले. मग तीच मागे गेली.

पैशांचं विचारताना ‘आर्थिक अत्याचार’ म्हणू नका. पगार कुणाच्या खात्यात येतो, एटीएम कार्ड कुणाकडे असतं, माहेरचे दागिने कुठे आहेत, दवाखान्यात जायचं तर पैसे कुणाकडे मागता? लैंगिक जबरदस्तीचा प्रश्न शेवटाकडे ठेवा आणि ‘तुमचं मन नसताना’ एवढेच शब्द वापरा. बाईला ते पुरतात.

धमक्या समाजागणिक बदलतात आणि तयार स्केलमध्ये त्या सापडत नाहीत. ‘दुसरी करीन.’ ‘जातपंचायतीत उभी करीन.’ ‘तुझ्या घरच्यांना सांगेन तू इथे कशी राहतेस.’ ‘फादरला सांगून तुझं कम्युनियन बंद करीन.’ ‘कागदपत्रं जाळून टाकीन, मग दाखव तू इथलीच आहेस म्हणून.’ प्रश्नावली पक्की करायच्या आधी त्या समाजातल्या सहा-सात बायकांबरोबर बसा आणि विचारा, ‘बाईला घाबरवायचं असेल तर पुरुष काय म्हणतात?’ स्वतःचं सांगावं लागत नसल्याने त्या मोकळेपणी बोलतात. त्यातून मिळालेली वाक्यं तुमच्या प्रश्नावलीत घाला.

मुलाखत कुठे घ्यायची? मध्येच कुणी आलं तर?

दहा बाय बाराच्या खोलीत खासगी जागा नसते हे आधी मान्य करा. बालवाडी सुटल्यानंतरची खोली, शिवणक्लास, दवाखान्याची आतली खोली, बचत गटाच्या बैठकीनंतरचा अर्धा तास, अशा जागा शोधा. बाईला तिथे जायला आधीच एक कारण असतं, हा त्यांचा मोठा गुण. गच्ची टाळा. गच्चीवर दोन बायका बराच वेळ बोलत बसलेल्या चार इमारतींतून दिसतात.

वेळ तिलाच विचारा. ‘दुपारी पुरुष कामावर असतात’ हे पेंटर, रिक्षावाला, रात्रपाळीचा वॉचमन यांच्या घरी खरं नसतं. दोन वर्षांवरचं मूल खोलीत असेल तर हिंसेचे प्रश्न विचारू नका. मुलं संध्याकाळी बाबांना सगळं सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

आणि कायम दुसरी प्रश्नावली जवळ ठेवा. आम्ही बाळाच्या लसीकरणाचे साधे प्रश्न छापलेला कागद वर ठेवतो. सुरुवातीलाच ठरवून टाकायचं, ‘कुणी आलं तर आपण लसींवर बोलायला लागू.’ एकदा कोंढव्यात मी आणि एक बाई बोलत होतो, आणि पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. मला तो ऐकूसुद्धा आला नव्हता. ती वाक्याच्या मध्यातून, सूर न बदलता म्हणाली, ‘...आणि गोवरची राहिलीय, ताप होता ना तेव्हा.’ जाऊ आत आली, बसली, चहा झाला. मी प्रामाणिकपणे गोवरची तारीख लिहून घेतली. पुढचा भाग तीन आठवड्यांनी झाला. ती किती सरावाने बोलली, ते मला आजही आठवतं. तो सराव तिला कशामुळे झाला असेल याचा विचार करा.

संमतीपत्रावर काय लिहायचं?

अभ्यासाचं नाव ‘स्त्रियांचं आरोग्य आणि आयुष्यातले अनुभव’ असं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये या संशोधनासाठी सुरक्षिततेच्या सूचना काढल्या, त्यांतही हेच सांगितलं आहे. कागदावर ‘पतीकडून हिंसा’ असं लिहून त्याची प्रत तिच्या हातात देणं म्हणजे घरात काडी पेटवून ठेवणं. हिंसेचा विषय तोंडी, एकांतात, स्पष्ट सांगायचा आणि त्यासाठी वेगळी संमती घ्यायची. सही नको असेल तर तोंडी संमती घ्या आणि तशी मंजुरी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडून (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) आधीच मिळवा. प्रत तिला हवी असेल तरच द्यायची.

एकाच घरात एकाच बाईला विचारा. त्याच घरातल्या पुरुषाला त्याच अभ्यासात याच विषयावर विचारू नका.

फोनचंही तेच. तिने सांगितलेल्या वेळेशिवाय फोन नाही, व्हॉट्सॲपवर ‘त्या दिवशीच्या मुलाखतीबद्दल’ असा मेसेज तर अजिबात नाही. फोन नवऱ्याने उचलला तर तुम्ही कोण आहात हे तिच्याशी आधी ठरवून ठेवा. मी कितीतरी घरांत ड्रेस मटेरियल विकणारी बाई आहे.

मुलाखत घेणारी त्याच समाजाची असावी का?

भाषेपुरतं पाहिलं तर होय. दखनीत बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायला लावलं तर निम्मं हरवतं. पण ‘आपल्यातली’ असणं दुधारी आहे. तिच्याच गल्लीतली आशाताई (आरोग्यसेविका) किंवा तिच्याच चर्चमधली मुलगी समोर बसली की तिला वाटतं, रविवारपर्यंत हे सगळीकडे होईल. बाहेरच्या बाईकडे न्याय करणारी नजर असू शकते, आतल्या बाईकडे ओळखीची साखळी असते. आम्ही दोन मुली तयार ठेवतो, एक त्या समाजातली पण दुसऱ्या भागातली, आणि एक बाहेरची, जिला ती बोली येते. बाईला विचारतो, कुणाशी बोलाल? उत्तर प्रत्येक वेळी वेगळं असतं, म्हणून विचारायचं.

दुभाषा म्हणून नातेवाईक नको. शाळकरी मुलगी तर मुळीच नको. आईला बाबा काय करतात याचं भाषांतर मुलीला करायला लावणारी मुलाखत मी एकदा सुरू होताना पाहिली आणि थांबवली.

मौलाना, फादर, नगरसेवक यांची परवानगी घ्यावी का?

भेट घ्या, आदर ठेवा, ‘स्त्रियांच्या आरोग्यावर काम करतोय’ सांगा. पण बाईच्या वतीने संमती देण्याचा अधिकार यांच्यापैकी कुणालाही नाही. बायकांची यादी त्यांच्याकडून घेऊ नका, नाहीतर कुणाला भेटलात हे त्यांना कळतं. धर्मगुरूंमध्ये अडवणारे भेटतील तसेच रात्री अकराला बाईला स्वतःच्या घरी आसरा देणारेही भेटतील. मला दोन्ही भेटले.

कायद्याचं किती माहीत असायला हवं?

वकिलाइतकं नको, पण चुकीचं सांगू नये इतकं हवंच. बायकांना सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जाणारं खोटं म्हणजे ‘तुमचा कायदा वेगळा, हा तुम्हाला लागू नाही’.

२००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई हे सगळं त्यातून मागता येतं. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही बाईला खरं सांगावं. आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. नवऱ्याच्या आणि सासरच्या क्रूरतेचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं. समुपदेशनाच्या खोलीत अजून सगळे ‘४९८’च म्हणतात.

मुस्लिम घटस्फोटित स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम) पोटगी मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या तलाक कायद्यात एका दमात तीन तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यावर बायकांचा प्रश्न साधा असतो : तो आत गेला तर खर्चाचं काय? तुमच्या अभ्यासात या प्रश्नाला जागा ठेवा. ख्रिश्चन स्त्रीला २००१ च्या दुरुस्तीआधी नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नव्हता, जोडीला व्यभिचार सिद्ध करावा लागे. आईच्या वेळचं ते ऐकून आजही कितीतरी जणी कोर्टात जात नाहीत. आणि जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे.

बोलता बोलता बाई म्हणाली, ‘मला इथून बाहेर काढा’, तर?

मुलाखत तिथे संपली. वही मिटा.

पण तिला ओढून चौकीत नेऊ नका. आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का, गळा दाबलाय का, घरात हत्यार आहे का, मुलं कुठे आहेत हे विचारा. गळा दाबणं कधीही हलकं घेऊ नका. नंतर तिला काय हवंय ते विचारा. पुष्कळदा तिला नवरा सोडायचा नसतो, मार थांबायला हवा असतो. ही मागणी कमी दर्जाची नाही.

क्षेत्रात उतरण्याआधी मदतीची माणसं ठरलेली हवीत, नावानिशी, फोन करून खात्री केलेली. आणीबाणीत ११२. महिला हेल्पलाइन १८१. पुणे पोलिसांचा भरोसा सेल (महिलांसाठीचा मदत कक्ष), सखी वन स्टॉप सेंटर, संरक्षण अधिकारी. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवण्याची कल्पना मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने विशेष कक्षांच्या रूपाने सुरू केली. आता असे कक्ष राज्यभर आहेत. हे नंबर हातात छापील कार्ड म्हणून देऊ नका. एका शिवणक्लासमध्ये आम्ही मापाच्या चिठ्ठीवर ‘बाही १८१’ असं लिहून देत होतो. चिठ्ठी शिलाईच्या डब्यात राहते, कुणी उघडून बघत नाही.

ती १७ वर्षांची निघाली तर?

१८ वर्षांखालील मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. लग्न झालेलं असलं तरी. गुप्ततेचं वचन देऊन मग ते मोडायची वेळ येऊ नये म्हणून वय आधी विचारा आणि ही मर्यादा संमती घेतानाच सांगा. तुमच्या वह्यांनाही वकिलाच्या कागदांसारखं कायद्याचं कवच नाही, कोर्ट त्या मागवू शकतं. म्हणून नाव आणि उत्तरं एका ठिकाणी ठेवूच नका.

नाव बदललं की ओळख लपते ना?

मोठ्या समाजात कदाचित. पुण्यातल्या पारशी किंवा बेने इस्रायली (मराठी बोलणारे ज्यू) समाजात ‘शाळेत शिकवणारी, दोन मुलं, नवरा दुबईहून परतलेला’ एवढं लिहिलंत की पुढच्या सणाला सगळ्यांना कळलेलं असतं कोण ते. व्यवसाय बदला, मुलांची संख्या बदला, दोन-तीन जणींच्या गोष्टी एकत्र गुंफा आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगा. समाज फारच छोटा असेल तर उतारे न देता फक्त मुद्दे मांडा. गाइड रागावतील. रागावू द्या.

पुरुषांशी बोलायचं का?

हो, वेगळ्या अभ्यासात, वेगळ्या भागात, पुरुष संशोधकाने. आधी कामधंदा, दारू, वडील कसे होते इथून सुरुवात केली तर बोलतात.

हे ऐकून मला झोप लागत नाही. मी कच्ची आहे का?

नाही. दिवसाला दोनच मुलाखती घ्या. टाइप करताना रडू येतं, कारण तेव्हा आवाज परत ऐकायला लागतो, म्हणून ते काम एकटीने रात्री करू नका. टीमने आठवड्याला एकदा बसायचं, आणि त्या बैठकीत किती फॉर्म झाले हा विषय काढायचा नाही. स्वतःच्या घरातलं काही वर आलं असेल तर काम थांबवायचा हक्क तुम्हालाही आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर संशोधकांसाठीही आहे.

निष्कर्षांमुळे समाजाची बदनामी होईल. मग छापावेत का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी सगळ्यात आधी कामावर घेते.

अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ च्या एका लेखात आपला अनुभव लिहिला आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे त्यांनी घरगुती हिंसेची भागवार आकडेवारी मागितली, ती मिळाली नाही. एकीकडे स्त्रियांच्या संघटनांना भीती, की आकडे निवडून वापरले जातील आणि हा प्रश्न फक्त काही समाजांचाच ठरवला जाईल. दुसरीकडे अल्पसंख्याक समाजांच्या लोकांना भीती, की आमच्या माणसांना जन्मतः हिंसक ठरवाल. दोन्ही भीती रास्त होत्या आणि त्या दोन्हींच्या मध्ये काळ्या स्त्रियांचा अनुभव कुणालाच दिसला नाही. ठिकाण तिकडचं असलं तरी हा पेच इथे आपल्यालाही पडतो.

माझं मत छापावं या बाजूचं आहे, पण सोबत तीन गोष्टी हव्यात. त्याच आर्थिक थरातल्या बहुसंख्य समाजाच्या बायकांशी तुलना. ‘दारां’वरचं, म्हणजे पोलिस, दवाखाना, कोर्ट यांच्या वागणुकीवरचं एक पूर्ण प्रकरण. आणि छापण्याआधी त्याच वस्तीतल्या बायकांसमोर वाचन. ज्यांच्या मुलाखती झाल्या त्याच जणींना बोलवायचं नाही, त्याने त्या उघड्या पडतात. बचत गटाच्या सगळ्यांना बोलवा, ज्यांना यायचं त्या येतील.

गेल्या खेपेला आम्ही बालवाडीच्या खोलीत असं वाचन ठेवलं होतं. वीसेक बायका, सतरंजी, मुलांची चित्रं भिंतीवर. मी वाचलं, ‘या वस्तीतल्या बहुतेक स्त्रियांनी मदत घेतली नाही.’ मागे भिंतीला टेकून बसलेली एक वयस्क बाई म्हणाली, ‘ताई, हे खोडा.’ मी विचारलं, का? ती म्हणाली, ‘मी तीनदा गेले होते. पहिल्यांदा म्हणाले, तुमच्यात चालतंच हे. दुसऱ्यांदा म्हणाले, साहेब नाहीत. तिसऱ्यांदा पाणी दिलं आणि घरी पाठवलं.’ मग दुसरी बोलली, मग तिसरी. शेवटी त्या सगळ्यांनी मिळून वाक्य सांगितलं आणि मी ते तसंच लिहून घेतलं : ‘या वस्तीतल्या बायकांनी मदत मागितली होती.’ प्रबंधात ते आता त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे.